पोर्क रिब्स घरी मऊ का होत नाहीत?

प्रश्न :
गेल्या रविवारी कोल्ड स्टोरेजमधून दीड किलो पोर्कच्या बरगड्यांची अखंड पट्टी आणली. आले-लसूण, काश्मिरी मिरची आणि व्हिनेगर लावून ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ओटीजीमध्ये २०० अंशांवर पाऊण तास भाजली. रंग सुरेख आला. परंतु मांस हाडाला घट्ट धरून राहिले आणि चावताना रबरासारखे लागले. जास्त भाजल्यामुळे असे झाले असावे, असे घरातील सर्वांचे मत पडले. पुढील वेळी अर्ध्या तासातच बाहेर काढावे का, की कच्ची पपई लावावी?

प्रतिसाद १ :
वेळ कमी करू नये, चौपट करावा. आपले मांस जास्त नव्हे, कमी शिजले होते. बरगड्यांभोवतीच्या मांसात कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. मांस आतून साधारण ६५-७० अंशांना पोहोचते तेव्हा तंतू आकसून पाणी सोडतात, आणि कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होण्याची क्रिया मात्र त्यानंतर कुठे सावकाश वेग घेते. म्हणून मधल्या टप्प्यावर बाहेर काढलेली पट्टी कोरडीही लागते आणि चिवटही. मी १५० अंशांवर, फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळून, अडीच ते तीन तास ठेवतो. आतील तापमान ९० ते ९५ अंशांपर्यंत गेले पाहिजे. पपईचा परिणाम वरच्या थरापुरताच होतो आणि तो थर पिठूळ लागतो, त्यामुळे तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

आणखी एक गोष्ट : हाडांच्या बाजूला पांढुरका, चिवट पापुद्रा असतो, तो काढला होता का? टोकाच्या हाडावर चमच्याचा दांडा खाली सरकवून कडा सुटी करावी आणि ती कोरड्या कापडाने पकडून ओढावी; बोटांतून ती निसटते. बहुधा सगळा पापुद्रा एकाच ओढीत निघून येतो.

प्रतिसाद २ :
आमच्या गोव्यातील घरी ओव्हन नव्हता, तरी बरगड्या कधी चिवट झाल्याचे आठवत नाही. हाडासकट तुकडे करून, जाड बुडाच्या टोपात, झाकणावर पाणी ठेवून अगदी मंद आचेवर दीड-दोन तास शिजवत असत. विंदालूसाठी माडाचे व्हिनेगर आणि सोलांतुलें हा पोर्कचा आंबट प्रकार करायचा असेल तर आमसुले घालत. विंदालू त्याच दिवशी वाढणे मात्र आईला मान्य नसे. ते दुसऱ्या दिवशीच खावे, हा तिचा हट्ट होता आणि तो योग्यच होता.

प्रतिसाद ३ :
घाई असल्यास कुकर वापरावा. एक शिटी झाल्यावर आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. नंतर गूळ, चिंच आणि मिरचीचा लेप लावून पट्टी ग्रिलखाली दहा मिनिटे ठेवावी. गुळाचा लेप आरंभीच लावल्यास तो करपून कडू होतो.

प्रश्नकर्ता :
काल पहिल्या प्रतिसादाप्रमाणे करून पाहिले. दोन तासांनी फॉइल उघडली तेव्हा मांस अजून घट्टच होते आणि धीर सुटत चालला होता. पावणेतीन तासांनी मात्र मधले हाड दोन बोटांनी फिरवताच ते स्वच्छ बाहेर आले. फॉइलमध्ये वाटीभर रस उरला आहे. तो टाकून द्यावा का?

प्रतिसाद १ :
मुळीच टाकू नये. फ्रीजमध्ये ठेवल्यावर वर चरबीचा पांढरा थर धरेल आणि खाली रस जेलीसारखा गोठेल. चरबीत कांदा परतावा, जेली त्यातच विरघळवावी आणि उकड्या तांदळाच्या भातावर घ्यावी.