मदत हवी आहे : नगरपरिषदेत शिकाऊ उमेदवारांना खरं काम कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात आहे. आमचे सर्वांत जुने व्हॉल्व्हमन काका येत्या वर्षी निवृत्त होतायत. कुठल्या गल्लीत, कुठल्या फरशीखाली कोणता व्हॉल्व्ह आहे आणि तो किती फेरे फिरवला की वरच्या आळीला पाणी चढतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. कागदावर काहीच नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आमच्याकडे मुलं आली होती. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआयवाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. पण त्यांचा सगळा वेळ आवक-जावक नोंदी आणि झेरॉक्समध्येच गेला. पंपहाउस कुणी पाहिलंसुद्धा नाही. याचं मला फार वाईट वाटतं, पोरं हुशार होती.

आता १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआयचे नळ कारागीर आणि वीजतंत्री घ्यावेत, असा प्रस्ताव मुख्याधिकारी साहेबांपुढे ठेवायचा आहे. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, एवढं मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या नगरपरिषदेत हे झालंय का? विद्यावेतनाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून केली? आणि मुख्य म्हणजे, काकांसारख्या माणसाबरोबर मुलांना रोज सकाळी फिरायला पाठवायचं तर जबाबदारी लेखी कशी द्यायची? आदेशाचा नमुना असेल तर कृपया टाका. काका स्वतः शिकवायला तयार आहेत.