डेटाबेसच्या प्रचाराला विद्यार्थी कशाला?

तळटीप: आमच्या ग्रंथालयाने यंदा प्रत्येक विभागातून दोन विद्यार्थी निवडलेत. काम एकच, वर्गमित्रांना शोधनिबंधांचे ऑनलाइन डेटाबेस वापरायला शिकवायचं. मी त्यांतलाच. परवा सबमिशनच्या आदल्या रात्री एक मैत्रीण रडकुंडीला आली होती. सर्चमध्ये अख्खा प्रश्नच टाकायची आणि ४०,००० निकाल बघून हात टेकायची. नेमका शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाकला, गेल्या दहा वर्षांचा फिल्टर लावला; उरले ६२. ग्रंथपालांना तिने हे जन्मात विचारलं नसतं. "एवढंही येत नाही?" ही धास्ती.

कपाटामागचा: मी ग्रंथपाल. धास्ती खरी, उपाय चुकीचा. मित्राला येतं तेवढंच तो शिकवणार. जेस्टोर हा नियतकालिकांतल्या लेखांचा डेटाबेस १९९५ पासूनचा, नाव सगळ्यांच्या तोंडी, म्हणून मुलं तेच सुचवतात. पण तिथे बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे अंक नसतात. प्रकाशकाशी ठरल्याप्रमाणे बहुधा ३ ते ५ वर्षं मागेच थांबतं. एक मुलगा "या विषयावर अलीकडे संशोधन झालेलं नाही" असं बिनदिक्कत लिहून आला होता. मित्राने सांगितलं म्हणे!

हिशेबनीस: आणि हे काम फुकट का? अमेरिकेतल्या लॉ स्कूलांत वेस्टलॉ, लेक्सिस या कायद्याच्या डेटाबेसचे विद्यार्थी प्रतिनिधी असतात. तिथे निदान कळतं की हा कंपनीचा माणूस. इथे मित्र म्हणून येणार, डाउनलोड वाढवणार, मग तेच आकडे दाखवून वर्गणी चालू ठेवणार. डेटाबेसचा वापर मोजायची 'काउंटर' म्हणून जी पद्धत आहे, तिच्या नियमात ३० सेकंदांतल्या दोन क्लिक एकच धरतात, ठीक. पण उघडलेली पीडीएफ वाचली की नाही, ते कोण मोजतं?

तळटीप: मानधन हवं, शंभर टक्के मान्य. आम्हाला फक्त स्टिकर मिळालेत. पण कपाटामागचे सर, तो मुलगा शेवटी तुमच्या टेबलापर्यंत आला ना?

कपाटामागचा: आला, कारण गाइडने पिटाळला. बरं, तडजोड सांगतो. घरून लेख उघडला की पैसे मागतो, तेव्हा कॉलेजच्या लॉगिनने आत कसं जायचं, हे तुम्ही शिकवा. सर्चचं जुजबी शिकवा. पुढे अडलं की "मला नाही माहीत, चल, विचारू" म्हणून सोबत घेऊन या.

हिशेबनीस: म्हणजे फुकटात हमालीही!

कपाटामागचा: मानधनाचा अर्ज मी करतो. ते स्टिकर मात्र वाचनकक्षातल्या टेबलांवर लावू नका, खरवडायला मलाच बसावं लागतं.