मदत हवी आहे: कोणता आरओ घेऊ? आजच घ्यायचाय

दुधकट्टा: कोल्हापुरात राहतो, पाण्याला घाण वास येतोय, दोन्ही पोरांची पोटं बिघडलीत. 15 हजारांच्या आत कुठला आरओ चांगला? दुकान आठला बंद होतं, पटकन सांगा.

गुळाची_ढेप: नळाचं की बोअरचं?

तांब्याची_कळशी: आरओ-बिरओ काही घेऊ नका. आमची आजी रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी प्यायची, नव्वदी गाठली.

गुळाची_ढेप: आजीच्या वेळी जयंती नाल्यात एवढं शहर वाहत नव्हतं. दुधकट्टा, बोअर का नळ?

दुधकट्टा: नळ. शुक्रवार पेठेत बोअर कुठनं आणू? मी आरओ विचारलाय.

थेट_भक्त: काळम्मावाडीचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं की. धरणाच्या पाण्याला वास कसा येईल? टाकी धुतली नसणार.

दुधकट्टा: टाकीच नाही, थेट नळालाच भरतो. दुकानदार घरी येऊन विजेच्या दोन सळ्या बुडवून दाखवून गेला. पाणी चहासारखं झालं हो! आरओच्या पाण्याला काही झालं नाही.

प्रयोगशाळा_मास्तर: ती लोखंडाची सळी विरघळते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून वीज वाहत नाही. चिमूटभर मीठ टाका, तेही चहा होईल. टीडीएस, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार, किती सांगितला?

दुधकट्टा: 140.

प्रयोगशाळा_मास्तर: 500 पर्यंत चालतो. तुमचा घोळ क्षाराचा नाही, जंतूंचा आहे. तोवर उकळून प्या.

तांब्याची_कळशी: वीस मिनिटं उकळा.

प्रयोगशाळा_मास्तर: खळखळून एक मिनिट पुरे. वीस मिनिटांनी सिलिंडर संपेल, जंतू आधीच मेलेले असतात.

तांब्याची_कळशी: डॉक्टरांनी सांगितलंय वीस. तुम्ही डॉक्टर आहात का?

नदीकाठ: मुळात प्रश्न नदीचा आहे. बावड्याला 76 एमएलडीचं (रोज 76 दशलक्ष लिटर) सांडपाणी केंद्र आहे, दुधाळीला 17 चं, तरी जोराचा पाऊस झाला की नाला बंधाऱ्यावरनं सरळ पंचगंगेत. रविवारी घाट झाडायला कोण कोण येणार?

गुळाची_ढेप: भावा, त्यांची पोरं आजारी आहेत. दुधकट्टा, वास दिवसभर येतो का पाणी सुटल्यावर पहिल्यांदा?

दुधकट्टा: पहिली दहा मिनिटं. काळपट पण येतं, मग साफ होतं. शेजारी म्हणतात त्यांचं चांगलंय.

गुळाची_ढेप: हे आधी सांगायचं की! तुमची सर्व्हिस पाईप गटारीतनं गेलीय का?

दुधकट्टा: व्हय, सगळ्यांच्याच जातात. आमची जुनी जीआय, म्हणजे लोखंडी, आहे, वडिलांनी घातलेली.

गुळाची_ढेप: गंजून भोक पडलं असणार. पाणी बंद झालं की पाईप रिकामी होते आणि गटारीचं पाणी आत ओढते. सुटलं की तेच पहिल्यांदा तुमच्या घागरीत. ती पाईप बदला, गटारीच्या वरनं घ्या. आणि पाणी सोडणाऱ्याला सांगून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करून घ्या. थेंब टाकल्यावर पिवळं झालं नाही तर क्लोरीन संपलंय.

थेट_भक्त: म्हणजे धरणाचं पाणी चांगलंच आहे. मी तेच म्हणत होतो.

दुधकट्टा: पोरांना ओआरएस चालू आहे. वहिनींना पण मळमळतंय, पण सातवा महिना आहे, तसं होतंच.

प्रयोगशाळा_मास्तर: थांबा. सातवा महिना? लघवी पिवळी आहे का, डोळे बघा. 2012 ला इचलकरंजीत जी कावीळ पसरली ती अशाच पाण्यातली, हेपटायटिस ई. गरोदर बाईला ती जिवावर बेतते. आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा. दुकान राहू दे.

तांब्याची_कळशी: खरंय, जावा आधी. कळशीचं नंतर बघू.

दुधकट्टा: डोळे पिवळे नाहीत, लघवी गडद आहे म्हणते. रिक्षा बोलावलीय. पाईप खणायला माणूस उद्या सकाळी येतोय. मग आरओ घेऊ का नको?