शब्दचर्चा : 'मानवकेंद्री' भविष्य, भविष्ये की आणखी काही?

अनुस्वार

नमस्कार. एका व्यावसायिक परिषदेची निमंत्रणपत्रिका आणि कार्यक्रमपुस्तिका मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. विषयाची मूळ ओळ अशी आहे : 'डिजिटल आर्ट, टेक्नॉलॉजी अँड ह्यूमन-सेंटर्ड फ्युचर्स'. आरंभीच्या शब्दांशी माझे भांडण नाही. घोडे अडले आहे ते शेवटच्या शब्दाच्या अनेकवचनापाशी. पहिल्या खर्ड्यात मी 'मानवकेंद्री भविष्य' असे लिहिले होते. आयोजकांनी तो खर्डा परत पाठवला आणि समासात लाल अक्षरांत एवढेच लिहिले, की मूळ शब्द अनेकवचनी आहे आणि ते अनेकवचन हाच परिषदेचा गाभा आहे. त्यांचे म्हणणे मला पटते. पुढे काय होईल हे एकच एक ठरलेले नसते, शक्य, संभाव्य आणि इष्ट अशा निरनिराळ्या दिशा असतात आणि त्यांतली कोणती धरायची यावर आज बोलता येते, हा विचार त्या अनेकवचनामागे आहे. भविष्याचा असा अभ्यास करणाऱ्यांचा जागतिक महासंघ १९७३ मध्ये स्थापन झाला, त्याच्या इंग्रजी नावातही हा शब्द अनेकवचनीच आहे.

'भविष्ये' असे सरळ लिहावे, तर मला एक जुना प्रसंग आठवतो. अशाच एका सत्रात मी काचेच्या खोलीत बसून दुभाष्याचे काम करत होतो आणि माझ्या तोंडून 'आपली भविष्ये आपणच घडवू शकतो' असे वाक्य गेले. तिसऱ्या रांगेतील एका गृहस्थांनी कानावरचा हेडफोन किंचित उचलला, शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले, आणि दोघांनी हसत हसत आपापले तळहात एकमेकांपुढे धरले.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे : ज्यात अनेकवचन ऐकू येईल पण ज्योतिषी ऐकू येणार नाही, असा शब्द आपल्याकडे आहे काय?

जुनी पोथी

'भवितव्य' हा शब्द आपण बाजूला का ठेवलात, हे कळले नाही. अर्थात त्यात एक अडचण आहे, ती मीच सांगून टाकतो. 'कर्तव्य' म्हणजे जे केलेच पाहिजे, तसे 'भवितव्य' म्हणजे जे व्हायचेच आहे. त्या 'तव्य' प्रत्ययात अटळपणा आहे, आणि अनेक दिशांपैकी एक निवडण्याच्या कल्पनेशी तो जुळत नाही. 'भवितव्यता' म्हटले की नियतीच समोर उभी राहते. त्यापेक्षा 'भावी काळ' बरा, पण त्याचे अनेकवचन होत नाही, हे मान्य.

तथापि 'डिजिटल'शी आपले भांडण नाही असे आपण म्हणता, तेथेच माझे सुरू होते. 'अंकीय' हा सुटसुटीत शब्द पारिभाषिक कोशांत असताना निमंत्रणपत्रिकेच्या पहिल्याच शब्दाला परका पाहुणा बसवण्याचे कारण काय?

तिसरी घंटा

कारण असे, की 'अंक' या शब्दात आधीच बरेच भाडेकरू राहतात. अंक म्हणजे खूण, अंक म्हणजे मांडी, अंक म्हणजे आकडा, मासिकाचा तो अंक आणि नाटकाचाही अंकच. आमच्या संचातील एक नेपथ्यकार 'अंकीय कला प्रदर्शन' असा फलक वाचून मोठ्या अपेक्षेने आत गेले होते. एकांकिकांच्या जुन्या नेपथ्याची छायाचित्रे मांडली असतील, असा त्यांचा समज झाला. आत काळोखात चार पडदे लुकलुकत होते. प्रदर्शन त्यांना आवडले, पण फलक लिहिणाऱ्याला त्यांनी अद्याप क्षमा केलेली नाही.

आणि शब्दच तपासायचे असतील, तर 'व्यावसायिक परिषद' हाही शब्द मला खटकतो. रंगभूमीवर 'व्यावसायिक' हा शब्द 'प्रायोगिक' आणि 'हौशी' यांच्या विरुद्ध उभा असतो, आणि त्याचा पहिला अर्थ तिकीटविक्रीवर चालणारे, असा होतो. डिजिटल कला करणारे बहुतेक लोक स्वतःला प्रायोगिक म्हणवतील. त्यांना 'व्यावसायिक' असे निमंत्रण गेले, तर आपल्याला गल्ला जमवायला बोलावले आहे, असे त्यांना वाटेल.

जुनी पोथी

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष असेल, तर 'कर' आणि 'हरि' हे शब्द कधीच हद्दपार करायला हवे होते. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक', 'दिग्दर्शक' हे शब्द पुढे आणले, तेव्हा त्यांचीही थट्टा झालीच. आज 'दिनांक' लिहिताना कोणी हसत नाही. शब्द वापरला की अंगवळणी पडतो; वापरायचाच नाही आणि मग तो रुळला नाही म्हणायचे, हा कांगावा झाला.

आरेखन

मी या क्षेत्रात काम करणारा आहे, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. 'अंकीय' हा शब्द मी सहकाऱ्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेला नाही. आम्ही 'डिजिटल' म्हणतो, 'डिजिटली' असे क्रियाविशेषणही करतो आणि तो शब्द परका आहे, हे आमच्या ध्यानातही येत नाही. गंमत अशी, की 'डिजिट' या शब्दाचा लॅटिन पूर्वज म्हणजे बोट. माणूस बोटांवर मोजत असे, म्हणून बोटाचा आकडा झाला. 'अंकीय'मध्ये फक्त आकडा उरतो, बोट हरवते.

आणि या कलेत बोट फार महत्त्वाचे आहे. जर्मन गणितज्ञ गेओर्ग नेस यांची संगणकाने आखलेली चित्रे जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १९६५ मध्ये मांडली गेली, त्या काळी 'संगणक कला' हेच नाव चालत असे. रेघ ओढणारे यंत्र त्या वेळी प्रत्यक्ष पेन धरून कागदावर फिरत असे. तसले एक यंत्र मी अजून चालवतो. मागे एका सत्रात प्रात्यक्षिक चालू असताना पेनाच्या टोकाशी कागदाचा तंतू अडकला आणि बारीक रेघेच्या जागी शाईचा जाड फराटा उमटू लागला. मी यंत्र न थांबवता नखाने तो तंतू काढला, तेव्हा बोटाचा धक्का लागून रेघेला एक बाक आला. चर्चा पुढे तासभर त्या बाकावरच झाली. बाकी सगळे यंत्राचे आणि तेवढा बाक माझा, असे एकजण म्हणाले. दुसऱ्यांच्या मते आज्ञावली मी लिहिली असल्याने सगळेच माझे होते आणि बाक हा निव्वळ अपघात होता. 'मानवकेंद्री' या शब्दाने नेमके काय म्हणायचे आहे, हे मला तेथे प्रथमच थोडेफार कळले.

पाणकणीस

आपण सगळे 'मानवकेंद्री' हा शब्द डोळे मिटून पुढे नेत आहात, म्हणून मध्ये बोलतो. पर्यावरणाविषयी मराठीत जे लिखाण होते, त्यात 'मानवकेंद्री' हा गौरवाचा शब्द नाही, तो आरोप आहे. नदी माणसासाठी, जंगल माणसासाठी, बाकीचे जीव माणसाच्या सोयीसाठी, अशी जी दृष्टी असते तिला आम्ही 'मानवकेंद्री' म्हणतो आणि तिच्या विरुद्ध 'जीवकेंद्री' हा शब्द ठेवतो. तेव्हा 'मानवकेंद्री भविष्य' असे शीर्षक वाचल्यावर माझ्यासारख्या वाचकाला हा पुढचा अनर्थ कोणी ओढवून आणला, त्याची चौकशी चालू आहे असे वाटेल. आयोजकांना मात्र ते इष्ट म्हणून सांगायचे आहे. एकाच शब्दाने एका सभागृहात टाळ्या आणि दुसऱ्यात निषेध, असा हा प्रकार आहे. अनेकवचनाचा घोळ याच्यापुढे किरकोळ आहे.

आरेखन

आक्षेप रास्त आहे, परंतु दोन्ही ठिकाणी माणूस कोणाच्या समोर उभा आहे, ते पाहावे लागेल. आपल्या लिखाणात तो निसर्गासमोर आहे, आमच्याकडे यंत्रासमोर. माणसाशी देवाणघेवाण करणाऱ्या प्रणाली कशा आखाव्यात हे सांगणाऱ्या, १९९९ च्या आयएसओ १३४०७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नावातच 'ह्यूमन-सेंटर्ड' हा शब्द होता. २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-२१० या मानकाने घेतली आणि २०१९ मध्ये ते सुधारले गेले. या मानकात 'वापरकर्ता' सोडून 'माणूस' हा शब्द का घेतला, याचे कारणही दिले आहे : एखाद्या प्रणालीचा परिणाम ती वापरणाऱ्यांपुरता राहत नाही, इतर संबंधितांवरही तो होतो. रुग्णालयात पडद्यावर बोट ठेवतो तो कर्मचारी वापरकर्ता झाला, पण खाटेवरचा रुग्ण त्या पडद्याला हातही न लावता त्याचे बरे-वाईट भोगत असतो. म्हणजे हा शब्द वर्तुळ मोठे करण्यासाठी आला. ते आणखी मोठे करून त्यात नदी घ्यावी, असे आपण म्हणत असाल तर माझी ना नाही, पण मग शब्दही नवा लागेल.

सुलटउलट

ज्यांना परके शब्द नको आहेत, त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की 'केंद्र' हा शब्द मुळात ग्रीक आहे. वर्तुळ काढताना कंपासाचे टोक जेथे रुतते त्याला ग्रीकमध्ये 'केन्ट्रॉन' म्हणत. त्याआधी तो शब्द जनावर हाकण्याच्या टोकदार काठीला, म्हणजे आपल्या पराणीला होता. ग्रीक ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला आणि 'होरा' हा शब्दही त्याच वाटेने आला. म्हणजे जुनी पोथी यांना 'डिजिटल' चालत नाही, पण 'मानवकेंद्री' लिहिताना दीड हजार वर्षांपूर्वीचा परका पाहुणा मात्र घरचाच वाटतो. किती वर्षे मुक्काम केला म्हणजे पाहुण्याचे नाव शिधापत्रिकेवर चढते, एवढे त्यांनी सांगावे.

ज्योतिषाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. 'संगणक' या शब्दातला 'गणक' म्हणजे जुन्या काळचा ज्योतिषीच. गणित मांडून भविष्य सांगणारा तो गणक. इंग्रजीतही 'कॉम्प्युटर' म्हणजे पूर्वी आकडेमोड करणारा माणूस असे. अनुस्वार ज्या ज्योतिष्याला दाराबाहेर ठेवू पाहत आहेत, तो 'संगणक' शब्दातून केव्हाच आत येऊन बसला आहे.

माझे स्वतःचे एक लाडके मत आहे, ते कोणी मानावे असा आग्रह नाही. यंत्राची जी 'कळ', तीही मला 'कला'चीच लेक वाटते. तसे असेल, तर 'कला आणि तंत्रज्ञान' या जोडीतले 'आणि' मराठीला मुळात अनावश्यक आहे.

जुनी पोथी

'केंद्र' ग्रीकातून आला हे मला ठाऊक आहे. तो आला, त्याने आपली विभक्ती घेतली, 'केंद्रित', 'केंद्रीय', 'केंद्राभिमुख' अशी संतती वाढवली. 'डिजिटल'ने काय वाढवले? 'डिजिटली'. त्यातला 'ली' हा प्रत्ययही त्याने माहेरूनच आणला आहे.

'कळ' आणि 'कला' यांविषयी मात्र माझे दुमत नाही, आणि याचा मला थोडा त्रास होतो आहे.

तसेच 'मानवकेंद्री' की 'मानवकेंद्रित', हेही ठरवावे लागेल. 'केंद्रित' हे भूतकालवाचक धातुसाधितासारखे आहे. त्यात कोणीतरी लक्ष आणून एका ठिकाणी ठेवले आहे. 'केंद्री' म्हणजे तो गुण अंगचाच असणे. पाणकणीस ज्या वृत्तीला दोष देतात तिला 'मानवकेंद्री' म्हणावे आणि आरेखन जी पद्धत सांगतात तिला 'मानवकेंद्रित', म्हणजे तंटा मिटेल.

पाणकणीस

असा एका मात्रेने मिटणारा तंटा मी आजवर पाहिलेला नाही. शिवाय निम्मे लोक तो शब्द 'केंद्रीत' असा दीर्घ लिहितात.

तिसरी घंटा

'परिषद' या शब्दाकडे पुन्हा येतो, कारण कोणी उत्तर दिले नाही. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९७९ मध्ये सुरू झालेला आर्स इलेक्ट्रॉनिका स्वतःला महोत्सव म्हणवतो. संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रातली सिग्राफ ही संघटना १९७४ पासून परिषद भरवते. १९८८ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे इलेक्ट्रॉनिक कलेचा जो मेळ जमला, त्याने परिसंवाद हे नाव घेतले. म्हणजे कलेकडून येणारे महोत्सव भरवतात, तंत्राकडून येणारे परिषद घेतात आणि दोघांना एकत्र बसायचे असले, की परिसंवाद होतो. अनुस्वार यांच्याकडे नेमके काय भरणार आहे?

अनुस्वार

दोन दिवस भाषणे आहेत, एक दिवस प्रदर्शन आहे आणि शेवटी जेवण आहे. आयोजकांना 'परिषद'च हवे आहे, ते बदलणे माझ्या हातात नाही.

सर्वांचे आभार. मूळ प्रश्न अनेकवचनाचा होता, याची विनम्र आठवण करून देतो. एका स्नेह्यांनी 'फ्युचर्स' म्हणजे 'वायदे' असे सुचवले, आणि बाजारात ते अगदी बरोबर आहे, परंतु 'मानवकेंद्री वायदे' छापून मी तोंड कोठे लपवणार?

पुस्तिका आज छपाईला जायची होती, म्हणून सकाळी एक ओळ पाठवून दिली : 'डिजिटल कला, तंत्रज्ञान आणि माणसाला धरून असलेल्या उद्याच्या वाटा'. विषयाला धरून, रीतीला धरून असे आपण म्हणतो, तसे 'माणसाला धरून'. त्यात माणूस मध्यभागी बसत नाही, फक्त सुटत नाही. पाणकणीस यांचा आक्षेप त्यामुळे निदान बोथट व्हावा. 'वाटा' अनेकवचनी आहेत आणि तळहात कोणी पुढे करणार नाही, असेही वाटले.

दुपारी आयोजकांचे पत्र आले. शीर्षक त्यांना आवडले आहे. परंतु आतल्या एका विभागाला मी नुसते 'वाटा' असे नाव दिले होते, त्याशेजारी त्यांच्या हिशेबनिसांनी पेन्सिलीने विचारले आहे, की हा वाटा कोणाचा आणि किती टक्के.

पाणकणीस

'धरून' चालेल. पण 'माणसाला धरून' म्हणजे माणसाला वेठीस धरून नव्हे, एवढे प्रस्तावनेत लिहावे.

आरेखन

वाक्य चांगले आहे, पण आमच्या कोणत्याही आरेखनकाराला ते मूळ संज्ञेचे भाषांतर आहे, हे ओळखू येणार नाही. उद्या कोणी 'ह्यूमन-सेंटर्ड'वरचे मराठी लिखाण शोधू लागला, तर ही पुस्तिका त्याला सापडणार नाही.

जुनी पोथी

'उद्याच्या वाटा' म्हटल्यावर तो स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे हे षष्ठीच्या रूपावरून उघड आहे. हिश्श्याविषयी बोलायचे असते तर 'उद्याचा वाटा' झाले असते. हिशेबनिसांना व्याकरण कळवावे.

आणि पहिला शब्द अजून 'डिजिटल'च ठेवला आहे, हे मी पाहिले आहे.