शब्दचर्चा : घरी बसून 'गोळ्या' करणे (काडतूस, पुंगळी, बार, टिकली)

(खटका, पाटीपेन्सिल, आडकित्ता ही चर्चेत उत्तरं देणाऱ्यांची टोपणनावं.)

मावसभाऊ हौशी नेमबाज आहे आणि पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतो. म्हणजे उडवून झालं की जे पितळी नळकांडं उरतं ते टाकून न देता साफसूफ करून परत वापरायचं, रीलोडिंग म्हणतात. परवाना वगैरे सगळं रीतसर आहे. परवा मावशीने विचारलं हा रोज रात्री खोलीत बसून करतो तरी काय, मी बोलून गेलो गोळ्या बनवतो. मावशी म्हणाली कसल्या, आणि हा डॉक्टर कधी झाला? मग सारवासारव करायला गेलो, नाही गं, दारू मोजून मोजून भरतो. पुढचं तुम्हीच समजून घ्या.

तर याला धड मराठी शब्द काय? डोक्यात पहिला आला पुनर्भरण, पण तो ऐकला की मला फक्त बोअरवेल दिसते.

खटका : पुनर्भरण नकोच. आणि नुसतं रीलोडही घोळाचंच आहे, कारण मॅगझिन (पिस्तुलात काडतुसं घालायची पेटी) संपल्यावर दुसरं घातलं तरी त्याला रीलोडच म्हणतात. आपल्याकडे 'बंदूक भरणे' आणि 'काडतूस भरणे' वेगळं म्हणता येतं की, भाऊ दुसरं करतो.

खरा घोळ गोळी या शब्दाचा आहे. आपण अख्ख्या वस्तूलाही गोळी म्हणतो आणि उडून जाऊन लागते तिलाही गोळीच. काडतुसात चार गोष्टी असतात, पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेला प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. नळीतून सुटून जाते ती गोळी, मागे पडून राहते ती पुंगळी. पेपरवाले हे बरोबर लिहितात हां, जिवंत काडतुसं जप्त केली आणि रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. त्यामुळे भाऊ गोळ्या 'बनवत' नसावा, बहुतेक जण त्या तयारच आणतात, काही थोडे लोक शिसं वितळवून ओततात तेवढंच.

पाटीपेन्सिल : काडतूस आलं पोर्तुगीज कार्तुशूवरून, आणि त्याच्या मुळाशी आहे कागद, कार्ड आणि कार्टन ज्या घरातले त्याच घरातलं. कारण आधी ती खरंच कागदाची पुडी होती, आत दारू आणि गोळी. 1857 ची एनफिल्डची काडतुसं दाताने तोडायची होती ती याचमुळे, पितळेची असती तर कोण चावायला गेलं असतं! पुढे कागद जाऊन पितळ आलं पण नाव पुडीचंच राहिलं.

मूळ प्रश्नकर्ता : प्रायमरला काय म्हणता? मराठीत प्रायमर म्हटलं की भिंतीला रंगाआधी लावतात तो.

खटका : आम्ही प्रायमरच म्हणतो पण माझं मत विचाराल तर टिकली. लहानपणी खेळण्यातल्या पिस्तुलात घालून फोडायचो ना, कोणी केप म्हणायचं, तत्त्व तेच, ठोका बसला की पेट घेणारा मसाला. शिवाय दिसतेही टिकलीसारखीच, चपटी आणि गोल. त्यातही बॉक्सर आणि बर्डन असे दोन प्रकार आहेत, दोन्ही 1866 च्या सुमाराचे आणि गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता पण त्याचा प्रकार अमेरिकेत रुजला, बर्डन अमेरिकन होता त्याचा युरोपात. घरी भरणाऱ्याला बॉक्सर सोयीचा, पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, वरून सुई घातली की जुनी टिकली खाली पडते. बर्डनला दोन बारीक भोकं बाजूबाजूला, तिथे सुई चालत नाही.

आडकित्ता : आणि पावडर? दारू म्हटलं की मावशी परत घाबरणार.

पाटीपेन्सिल : दारूगोळा, शोभेची दारू चालते तर ही का नाही चालणार. पण भाऊ मोजून घालतो त्या मापाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, बार. हसू नका. 'तंबाखूचा बार भरला' यातला बार हाच, एका वेळची चिमूट. लग्नाचा बार उडवून दिला, तोही तोच. आपण उडतो तो आवाज म्हणजे बार असं धरून बसलोय पण भरतात तोही बारच.

ठासणे मात्र इथे वापरू नका, ते ठासणीच्या बंदुकीचं, वरून गजाने कोंबायचं. इथे कोणी ठासत नाही.

खटका : बार एकदम पटलं! आणि त्यावरून आठवलं, इंग्रजीत स्क्विब म्हणतात त्याला आपला शब्द आधीपासून तयार आहे, फुसका बार. आपण तो चेष्टेत वापरतो, इथे चेष्टा नाही. पुंगळीत दारू पडायचीच राहिली तर नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकून बसते. माझ्याकडून एकदा झालंय, चूक माझीच, बोलता बोलता भरत होतो. रेंजवर धाड ऐवजी फट् असा आवाज आला, हाताला धक्का नाहीच. बोट पुढच्या बारासाठी चापावर होतंच पण शेजारचा ओरडला थांब. पिस्तूल रिकामं केलं, नळी काढून उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही दिसेना. त्यावर दुसरा बार उडवला असता तर नळी फुगली असती नाहीतर फाटली असती.

उलटा प्रकार म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा दारू. पिस्तुलाला दारू इतकी थोडी लागते की बऱ्याचदा दुप्पट पडली तरी ओसंडत नाही, वरून गोळी बसते आणि कळत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून डोकवायचं. याला मी दुबार म्हणतो, पेरणीसारखं.

आडकित्ता : दुबार झकास. आणि दारू ग्रेनमध्ये मोजतात म्हणे, त्या ग्रेनचं काय? मला वाटायचं दारूचे दाणे मोजतात.

खटका : नवीन माणसाला हमखास वाटतं. ग्रेन हे वजन, साधारण 65 मिलिग्रॅम, मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेलं. नऊ एमएमची 115 ग्रेनची गोळी म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आतबाहेर. ग्रेन हा आकडा गोळीलाही लावतात आणि बारालाही, तिथे गल्लत करायची नाही.

पाटीपेन्सिल : म्हणजे आपल्या गुंजेसारखंच. 180 ग्रेनच्या तोळ्यात 96 गुंजा, एक गुंज दोन ग्रेनला जरा कमी. सोनाराला हे काम लगेच जमेल.

खटका : बाकी क्रियापदं शोधावी लागतच नाहीत. उडवल्यावर पुंगळी फुगते ती डायमध्ये चेपायची, टिकली बसवायची, तोंड जरासं फाकवायचं, बार घालायचा, गोळी बसवायची, फाकवलेली कड परत आवळायची. डाय आणि प्रेस तसेच राहू देत, वर्कशॉपमध्ये कोण साचा आणि दाबयंत्र म्हणतं.

मूळ प्रश्नकर्ता : प्रश्न माझा होता म्हणून सांगतो, काल मावशीला सांगून पाहिलं, तो रिकाम्या पुंगळ्या परत भरतो, नवी टिकली बसवून. तिला एका दमात कळलं. एवढंच म्हणाली, टिकली बसवताना डोळ्याला चष्मा लावतो का विचार. विचारलं. लावत नव्हता.