'फ्रीडम क्राय'मधलं पोर्ट-ऑ-प्रिन्स: १७३५ साली नसलेलं शहर दाखवणं योग्य आहे का?

दर्यावर्दी

'फ्रीडम क्राय' परवा तिसऱ्यांदा खेळून संपवला. मागच्या वेळेपासून खटकणारी एक गोष्ट या वेळी इतकी टोचली की मांडल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग' या व्हिडिओ गेमला डिसेंबर २०१३मध्ये जोडलेला हा भाग. त्रिनिदादच्या मळ्यात गुलाम म्हणून जन्मलेला आदेवाले आता असॅसिन, म्हणजे एका गुप्त मारेकरी संघाचा सदस्य, झालेला आहे. त्याचं जहाज फुटतं आणि तो सां-दोमिंगच्या किनाऱ्याला लागतो. सां-दोमिंग म्हणजे आजचं हैती. १६९७च्या राइसविक तहानंतर बेटाचा जो पश्चिमेकडचा भाग फ्रान्सकडे राहिला ती वसाहत. कथा १७३५ ते १७३७ या काळात घडते आणि आपण ज्या शहराच्या गल्ल्यांतून फिरतो ते पोर्ट-ऑ-प्रिन्स.

पण पोर्ट-ऑ-प्रिन्स वसवलं गेलं १७४९मध्ये. म्हणजे आदेवाले ज्या छपरांवरून उड्या मारतो, ज्या चौकात माणसांचा लिलाव उधळून लावतो, ते शहर उभं राहायला अजून १४ वर्षं होती.

एखादी इमारत दहा वर्षं आधी दाखवली म्हणून मी कुरकुर करत नाहीये. या मालिकेत तसं नेहमी होतं आणि ते चालतं. इथे अख्खं शहर उचलून आणलंय, आणि ते आणताना खरी बंदरं पुसली गेली. लेओगान होतं, प्ती-ग्वाव होतं. सगळ्यांत श्रीमंत होतं ते उत्तरेचं काप-फ्रांसे. गुलामीतून पळून बंड उभारणाऱ्या माकांदालला १७५८मध्ये जिवंत जाळलं ते काप-फ्रांसेच्या चौकात. ऑगस्ट १७९१चा उठाव पेटला तो त्याच शहराभोवतीच्या ऊसमळ्यांत. नोव्हेंबर १८०३मध्ये फ्रेंच सैन्य शेवटचं हरलं ते व्हेर्तिएर काप-फ्रांसेच्या वेशीवर आहे. ज्या बंदराने हैतीचा सगळा लढा अंगावर झेलला, त्याला कथेत जागा नाही, आणि जे नव्हतंच ते नायकाचं शहर झालं. गेम खेळून हैतीत रस निर्माण झालेल्या माणसाच्या डोक्यात हाच नकाशा बसतो. मी स्वतः तीन वर्षं तो खरा मानत होतो.

तुम्हाला काय वाटतं?

मशालजी

माझं मत नेमकं उलटं आहे.

गेमच्या या विश्वाला त्याचा स्वतःचा इतिहास आहे. माणसाच्या आधी पृथ्वीवर एक जमात होती आणि तिची अवजारं मिळवण्यासाठी असॅसिन आणि त्यांचा शत्रुसंघ टेम्प्लर शतकानुशतकं लढतायत, हे एकदा मान्य केलं की १४ वर्षांचा हिशेब कसला मागायचा? आपण बघायचं ते हे, की त्या काळाचं मूळ दुखणं त्यांनी पकडलंय का. मला वाटतं पकडलंय. १६८५चा कोड न्वार, म्हणजे चौदाव्या लुईने गुलामांसाठी काढलेला कायदा, किती गेममध्ये आलाय? महिनाभर पळून राहिलेल्याचे कान कापायचे आणि खांद्यावर फ्रेंच राजचिन्हाचा डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्यू. हे कलम मी पहिल्यांदा शोधून वाचलं ते या गेममुळे.

आणि नावाचं म्हणाल तर काप-फ्रांसे ऐकून किती जणांना हैती आठवेल? आज त्या शहराला काप-हैतियन म्हणतात. पोर्ट-ऑ-प्रिन्स मात्र जगाला ठाऊक आहे. आजच्या राजधानीचं नाव घेतल्यामुळे १७३५च्या साखळ्या थेट आजच्या माणसांशी जोडल्या जातात. हा धागा कथेला हवाच होता.

शिवाय ती जागा काही ओसाड नव्हती. खाडीला नाव आधीच पडलेलं होतं. 'प्रिन्स' नावाच्या जहाजावरून ते पडलं असं मानतात आणि ते जहाज १७०६च्या सुमाराचं.

दर्यावर्दी

ओसाड होती असं मी म्हटलेलंच नाही. खाडी होती, मळे होते. पण गेममध्ये दिसतो तो गव्हर्नरचा वाडा, बाजार, तुरुंग, दाटीवाटीची वस्ती. खाडीला नाव असणं आणि शहर असणं यात फार अंतर आहे हो.

"आजच्या माणसांशी जोडणं" हा मुद्दा मात्र मनात राहिला. त्यावर विचार करतोय.

ओंजळ

तुम्ही दोघं शहराच्या तारखेवर भांडताय. मला त्याहून मोठी चूक दिसते ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या आकड्याची.

माणूस सोडवला की आकडा वाढतो. आकडा ठरावीक टप्प्याला पोचला की नवी हत्यारं, मोठ्या पिशव्या खुल्या होतात. म्हणजे सोडवलेली माणसं हे चलन झालं. ज्या व्यवस्थेने माणसाला वहीतल्या नोंदीत बसवलं, तिच्याशी लढणाऱ्याच्या हातीही पुन्हा वहीच द्यायची? मी खेळताना एका टप्प्यावर स्वतःला पकडलं. एका फटके खाणाऱ्या माणसाकडे मी धावत निघाले होते आणि डोक्यात होतं, "अजून थोडेच हवेत." त्या क्षणी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

सोडवलेला माणूस दोन शब्द बोलतो आणि पळून जातो. त्याला नाव नाही, तो पुढे कुठे गेला ते कळत नाही. थोड्या वेळाने त्याच कोपऱ्यावर पुन्हा तेच फटके, पुन्हा तोच विव्हळण्याचा आवाज. शहर १७३५चं असो की १७४९चं, त्यात राहणारी माणसं जर अशी असतील तर त्या शहराला इतिहास आहे असं मी म्हणणार नाही.

वल्हेकरी

ओंजळ, तुमची अस्वस्थता समजते, पण निष्कर्ष पटत नाही. दोन जागा आठवून बघा.

एक म्हणजे मळा. उसात दबा धरून बसायचं आणि पहारेकऱ्यांना एकेक करून गाठायचं. घाई केली आणि घंटा वाजली की मुकादम काम करणाऱ्या माणसांनाच मारायला लागतात. पहिल्यांदा मी सरळ कोयता काढून घुसलो होतो. 'ब्लॅक फ्लॅग'ची सवय, दुसरं काय. घंटा वाजली आणि ज्यांना सोडवायला आलो होतो तेच उसाच्या सऱ्यांमध्ये पडायला लागले. माझ्या शौर्याची किंमत त्यांनी मोजली. तेव्हापासून प्रत्येक मळ्यावर मी श्वास रोखून वाट बघत बसायला शिकलो. समुद्रातही तेच: गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजावर तोफ डागली तर आतली माणसं मरतात, म्हणून आधी सोबतची लढाऊ जहाजं निकामी करायची. एवढ्या सावधपणे मला दुसऱ्या कुठल्याही गेमने वागायला लावलेलं नाही.

दुसरी जागा म्हणजे बुडणाऱ्या जहाजाचा तळ. गव्हर्नर दे फाये आपल्याच गुलामवाहू जहाजावर तोफा चालवायला सांगतो आणि आदेवाले खाली उतरतो. अंधार, तिरपी झालेली फळी, गुडघ्यापर्यंतचं पाणी छातीपर्यंत येतंय आणि दोन्ही बाजूंना साखळीने बांधलेली माणसं हात पुढे करतायत. काहींची साखळी तुटते. बाकीच्यांपर्यंत पोचता येत नाही, कितीही भराभर बटणं दाबली तरी. कोपऱ्यातल्या आकड्याकडे मी तिथे पाहिलंही नाही.

आणि त्याच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा फटके? सां-दोमिंगचं वास्तव तेच होतं. साखरेच्या मळ्यांवर माणसं इतक्या झपाट्याने मरत की सतत नवी आणावी लागत. १७८०च्या दशकाच्या अखेरीला आफ्रिकेतून दर वर्षी सुमारे ३०,००० माणसं तिथे उतरवली जात होती. क्रांतीच्या तोंडावर गुलाम होते सुमारे ५ लाख आणि गोरे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एक आदेवाले कितीही धावला तरी चौक रिकामा होणार नव्हता.

ओंजळ

बुडणाऱ्या जहाजाबद्दल पूर्ण सहमत. तो प्रसंग माझ्याही अंगावर आला. पण तोच माझा पुरावा आहे. जिथे त्यांनी आकडा विसरायला लावला तिथे ती माणसं झाली. हे त्यांना जमत होतं. मग बाकीच्या शहरात का केलं नाही?

पुन्हा पुन्हा घडण्याबद्दल तुमचं म्हणणं बुद्धीला पटतं. खेळताना मात्र तसं वाटलं नाही, कारण गेम मला त्याबद्दल बक्षीस देत होता.

पाताळकूप

एक भर घालतो, कारण शहराच्या तारखेचा प्रश्न या एका गेमपुरता राहत नाही.

याच मालिकेतल्या 'असॅसिन्स क्रीड रोग'मध्ये हेच पोर्ट-ऑ-प्रिन्स परत येतं, १७५१च्या भूकंपाच्या निमित्ताने. तो भूकंप खरा आहे. दोन वर्षांचं शहर त्यात जमीनदोस्त झालं, आणि १७७०मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला. गेमच्या विश्वात मात्र त्याचं कारण वेगळं: माकांदाल असॅसिनांचा गुरू, त्याचा वांद्रदी नावाचा शिष्य प्राचीन जमातीच्या मंदिरातली वस्तू हलवतो आणि जमीन फाटते.

बेटाच्या दक्षिण भागातून पूर्व-पश्चिम जाणारा भ्रंश आहे, शहर त्याच्या अगदी शेजारी आहे. १२ जानेवारी २०१० रोजी त्याच पट्ट्यात जमीन हलली आणि तेच शहर पुन्हा कोसळलं. 'रोग' आला २०१४मध्ये, म्हणजे त्या ढिगाऱ्यांना पाच वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी तिथल्या भूकंपाचा दोष गुलामीतून पळालेल्या काळ्या माणसाच्या हातावर ठेवणं मला अजिबात सहन होत नाही. मशालजी, विश्वाला स्वतःचा इतिहास आहे हे मान्य. पण तो इतिहास कोणाच्या माथी काय मारतो, हे विचारायला नको का?

मशालजी

हा मुद्दा जड आहे, टाळणार नाही. 'रोग'मध्ये लिस्बनचा १७५५चा भूकंपही तसाच घडतो आणि तिथे हात शे या आयरिश वंशाच्या नायकाचा असतो, त्यामुळे लेखकांच्या मनात दोष देणं होतं असं मला वाटत नाही. पण शे पश्चात्तापाने कथेचा नायक होतो आणि वांद्रदी एका ओळीत संपतो. तो फरक आहे, आणि तो मलाही आवडला नाही.

तरी 'फ्रीडम क्राय'ची बाजू मी सोडणार नाही. त्यांनी अभ्यास केला नव्हता असं कोणी म्हणू नये. गव्हर्नर दे फाये खरा माणूस. १७३२पासून वसाहतीचा गव्हर्नर, मृत्यू १७३७. कथा बरोबर त्याच वर्षी संपते. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेली फ्रेंच मोहीम १७३५मध्ये खरोखर सां-दोमिंगला थांबली होती आणि तिचा प्रमुख लुई गोदँ गेममध्ये भेटतो. त्याच मोहिमेत पुढे सामील झालेला स्पॅनिश अधिकारी अंतोनियो दे उयोआ हा याच मालिकेतल्या 'लिबरेशन' या गेममध्ये न्यू ऑर्लिन्सला लुइझियानाचा गव्हर्नर म्हणून समोर येतो. १७६६मध्ये तो तिथे आला आणि १७६८मध्ये लोकांनी त्याला हाकलला, हेही खरं. म्हणजे दोन गेम, दोन फ्रेंच बंदरं आणि मध्ये विषुववृत्तावर अंतरं मोजणाऱ्या माणसांची एक टोळी. एवढं बारीक विणणाऱ्यांना १७४९ माहीत नसेल?

दर्यावर्दी

माहीत असणारच. म्हणून तर तक्रार आहे. नकळत झालेली चूक मी सोडून दिली असती.

आणि तुम्ही दिलेलं उदाहरणच बघा. ती मोहीम थांबली होती प्ती-ग्वावला. म्हणजे गोदँला त्याच्या खऱ्या बंदरातून उचलून नसलेल्या शहरात आणावं लागलं. प्ती-ग्वाव तेव्हा राबतं बंदर होतं, जुन्या समुद्री लुटारूंचा अड्डा, कथेला हवं ते सगळं तिथे होतं. फक्त नाव ओळखीचं नव्हतं. ओळखीचं नाव हवं म्हणून एका गावाचं आयुष्य दुसऱ्याच्या अंगावर घालायचं, हे मला अजूनही पटत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य करतो. आजची राजधानी आणि त्या साखळ्या यांच्यात नातं दिसायला हवं होतं. १ जानेवारी १८०४ला स्वतंत्र झालेल्या देशाकडून १८२५मध्ये फ्रान्सने १५ कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची भरपाई म्हणून, आणि ते ओझं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. हे वाचल्यावर राजधानीचं नाव कथेत का हवंसं वाटलं असेल ते कळतं. पण मग १७४९नंतरची कथा सांगायची. आदेवालेला 'रोग'मध्ये म्हातारा झालेला दाखवलाच आहे.

वल्हेकरी

१७४९नंतर सांगितली असती तर दे फाये गेला असता, गोदँ गेला असता. पण एक गोष्ट मिळाली असती आणि ती मला आत्ता सुचली: आपल्याला शहर बांधलं जाताना दिसलं असतं. पोर्ट-ऑ-प्रिन्सचे रस्ते, धक्का, तो वाडा कोणाच्या हातांनी उभा राहिला? दगड वाहणारी ती माणसं दाखवायची, आणि १७५१मध्ये ते सगळं कोसळल्यावर पुन्हा त्यांनाच ढिगारे उपसायला लावलेलं दाखवायचं.

ओंजळ

आणि त्यांना नावं द्यायची.