बाबांना काचबिंदू निघाला, मीही तपासून घेऊ का?

बाबा चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू खराब होऊन नजर जाणारा आजार) कळला. दुखणं नाही, लाली नाही. फक्त बाजूचं नीट दिसत नसल्याने उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा; आम्ही ‘धांदरट’ म्हणून हसायचो. मी ४२ चा, मला स्वच्छ दिसतं. तरी जाऊ?

उत्तर १: जाच. आई-वडील, भावंडांत असला की धोका वाढतो. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली जपता येते.

उत्तर २: नुसतं डोळ्याचं प्रेशर मोजून परतू नका! माझं १६ होतं, म्हणजे नॉर्मलच (साधारण १० ते २१), तरी नस खराब निघाली. बाहुली मोठी करून नस बघायला सांगा, फील्ड टेस्टही (बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) करा. ठिपका दिसला की बटण दाबायचं, महाकंटाळवाणं.

प्रश्नकर्ता: उद्याची वेळ घेतली. ताईलाही ओढून नेतोय.